मारामारीच्या शर्यतीचे पंच

दुपारी भिंतीपलीकडून शिट्टी वाजली, की मी ओळखते, टीव्हीतला कुणीतरी बाद झाला.

शिट्टी साधीसुधी नाही, चांगली पितळी आहे. आमच्या शाळेचे पी. टी. मास्तर लाजतील अशी ती वाजते. फुंकणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टीची काळी दोरी आणि हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. समोर टीव्हीवर मोटारसायकली सुसाट पळत असतात. त्यांच्यावर बसलेले दांडगे लोक एकमेकांना साखळीनं, दांडक्यानं, जमेल तशा लाथांनी बडवत असतात. आणि आमचे परशराम आण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसून त्यांच्यावर ओरडत असतात, "ए निळ्या! साखळी मारलीस व्हय रं? बाद! हो बाजूला! बाद म्हणलं की बाद!"

निळा काही बाजूला होत नाही. तो आण्णांच्याच गाडीला एक लाथ घालून पुढं निघून जातो.

मी शाळेत गणित शिकवते. सकाळची शाळा उरकून घरी यायचं, दोन घास खायचे आणि पेपर तपासायला बसायचं, हा माझा नेम. शाळेत शिट्टी, घरी शिट्टी. माझा स्वभाव तापट आहे, हे निपाणीत आमच्या गल्लीला ठाऊक आहे, आण्णांनाही ठाऊक आहे. मी भिंतीवर लाटण्यानं ठोकलं की पलीकडून आवाज येतो, "बाई, माझा इलाज न्हाय! निळ्यानं फाऊल केलाय!"

आता हे पंचगिरीचं खूळ कुठलं ते सांगते. आमच्याकडं निपाणी, सदलगा, थेट कोल्हापूरच्या हद्दीपर्यंत, जत्रेत घोडागाड्यांच्या शर्यती लागतात. डांबरी रस्त्यावर गाड्या सुटतात आणि दोन्ही बाजूंनी मोटारसायकलवाल्यांचा घोळका हॉर्न वाजवत, आरडत त्यांच्याबरोबर पळतो. गाड्यांपेक्षा त्या घोळक्याचीच जास्त भीती. त्या धुरळ्यात एक माणूस मोटारसायकलवर मागं बसून, शिट्टी दातात धरून, कुणी कुणाची गाडी दाबली, कुणी दुसऱ्याच्या घोड्याला चाबूक हाणला, हे बघत असायचा. तो माणूस म्हणजे आण्णा. घरची तंबाखूची शेती भावांनी बघितली, आण्णांनी शर्यती बघितल्या.

सदलग्याला एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची गाडी पहिली आली. हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला, मेहुण्याला खांद्यावर घेतलं. आण्णांनी शिट्टी मारली.

"बाद. वळणावर दुसऱ्याची गाडी दाबलीया."

मेहुणा खांद्यावरनंच म्हणाला, "दाजी, कुणी बघितलंय?"

"म्या बघितलंय."

झालं. वैनींच्या माहेरचं येणं-जाणं बंद. दिवाळीचा डबा बंद. वैनी आण्णांच्या ताटात भाकरी वाढायच्या आणि आमटी विसरायच्या. मला म्हणाल्या होत्या, "बाई, ह्येंच्या शिट्टीनं माझं माहेर बाद केलं बगा." वैनी आता नाहीत. त्या गेल्यापासून आण्णा आपली भाकरी आपणच थापतात. त्या भाकरीचा आकार बघून मला भूमितीचा तास आठवतो, पण खातात बिचारे.

त्यांना लेक एकच, रुपा. आम्ही सगळे रुपी म्हणतो. पाचवीपासून माझ्या हाताखाली शिकली. ती लहान असताना गल्लीच्या गणपतीत रांगोळीची स्पर्धा लागली. परीक्षक कोण, तर आण्णा. निकालात खोट नको म्हणून गल्लीनंच नेमलेले. रुपीनं मोर काढला होता. बघणारा प्रत्येक जण म्हणत होता, पहिला नंबर रुपीचा. आण्णांनी तिला तिसरा दिला. कारण काय? "मोराचा पाय रेघंभायर गेलाय."

पोरगी रडत माझ्याकडं आली. मी तशीच उठून गेले आणि आण्णांना चांगलं झापलं. "अहो, लेक आहे ना तुमची?"

"म्हणून तर दोनदा बघितलं, बाई," आण्णा म्हणाले.

सांगा, अशा माणसाशी काय भांडायचं?

ही रुपी पुढं बेळगावात इंजिनिअर झाली आणि बेंगळुरात व्हिडिओ गेम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. आण्णा लोकांना "कंपूटरमध्ये हाय" एवढंच सांगायचे, कारण गेम करणं ही नोकरी असते यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. टीव्हीवरची ही मारामारीची शर्यत तिनं केलेली. एकटीनं नाही, पण मूळ डोकं तिचं, आणि त्यातले रस्ते, घाट, वळणं सगळी तिच्या हातची. गेम बाजारात आला त्या दिवाळीला ती घरी आली, टीव्हीला यंत्र जोडून दिलं, आण्णांच्या हातात कंट्रोलर ठेवला आणि माझ्यासमोर म्हणाली, "आण्णा, जग काय म्हणायचं ते म्हणू दे. मला तुमचा निकाल पायजे. खरा. आणि ह्या खेपेला मी पयला नंबर घेणार बघा."

हसत म्हणाली, पण मी तिला ओळखते. गणिताचा पेपर हातात घेताना तिचा चेहरा असाच व्हायचा.

आण्णा म्हणाले, "शर्यत शेवटापत्तोर बघितल्याबिगर निकाल न्हाय."

आणि इथंच सगळं अडलं. या गेममध्ये टप्पे आहेत. एका टप्प्यात पहिल्या तिघांत आलं, तर पुढचा टप्पा उघडतो. आणि दुसऱ्याला पाडल्याशिवाय पहिल्या तिघांत येणं शक्यच नाही, गेमच तसा आहे. आण्णा कुणाला मारायला तयार नाहीत. पंचानं हात उचलायचा नसतो म्हणे. वळताना हाताचा इशारा करायची सोय नाही म्हणून हळहळतात. मागून कोण आला तर बाजू देतात, "जा रं बाबा, तुला घाई हाय." बाजू दिलेला जाता जाता दांडकं घालतो. असे रोज शेवटून पहिले येतात आणि पहिल्या टप्प्याच्या पुढचं काही त्यांना दिसत नाही. शेवट दिसेना, म्हणून निकाल नाही. दिवाळी होऊन संक्रांत आली, तरी निकाल नाही.

त्यांचे एक जुने दोस्त आहेत, बेळगावच्या कॅम्पातले निवृत्त सुभेदार. रविवारची एसटी धरून निपाणीला येतात. बस कर्नाटकाची असो की महाराष्ट्राची, ते एसटीच म्हणतात. त्यांच्या हातात कंट्रोलर गेला की रस्त्यावर एक माणूस उभा राहत नाही. डाव्या हाताला साखळी, उजव्या हाताला लाथ, तोंडानं "हल्ला बोल!" डावाच्या शेवटी मिशीला पीळ देऊन म्हणतात, "फर्स्ट क्लास गेम! दहापैकी दहा!"

"सुभेदार, तुमी बाद," आण्णा म्हणतात.

"अरे, जिंकलो की मी!"

"जिंकला, पर बाद."

सुभेदारांनी सांगून बघितलं, की मी पुढचे टप्पे खेळतो, तू नुसता बघ आणि निकाल देऊन टाक. आण्णांनी मान हलवली. दुसऱ्याच्या गाडीवरनं पंचानं बघायचं नसतं, असा आणखी एक नियम निघाला. हे नियम कुठं लिहून ठेवलेत ते मला अजून कळलेलं नाही.

इकडं जगभरातनं मतं यायला लागली. मोठमोठ्या समीक्षकांची, खेळणाऱ्या पोरांची. बहुतेक इंग्रजीत. मग आण्णा मोबाईल घेऊन माझ्या दारात. "बाई, जरा वाचून दावा की, काय म्हणालालेत आमच्या रुपीला."

मी पेपर बाजूला सारून वाचायची. एका समीक्षकानं लिहिलं होतं, हा गेम म्हणजे मेंदू घरी ठेवून रस्त्यात केलेलं भांडण आहे. आण्णा जरा विचारात पडले.

"भांडायला जाताना मेंदू कोण घिऊन जातंय, बाई?"

दुसरा म्हणत होता, यातली हिंसा बघवत नाही. तिसरा म्हणत होता, हिंसेत दम नाही, मारलेलं लागल्यासारखं वाटत नाही. "ह्या दोघास्नी एका खोलीत बसवा," आण्णा म्हणाले, "आन् भायरनं कडी लावा." चौथ्याची तक्रार, गाड्या जड आहेत, पटकन वळत नाहीत. "हलकी पायजे तर सायकल घे म्हणावं." एका खेळाडूनं एकच तारा दिला होता, कारण शेवटच्या वळणावर लाईट गेली. आण्णांनी बारकाईनं विचारलं, "मोटारसायकलची का घरची?" घरची, मी म्हटलं. "मग त्यो बाद."

कोल्हापूरकडच्या कुणीतरी "नाद खुळा!" एवढंच लिहिलं होतं, ते त्यांना फार आवडलं. आणि एक कन्नड पोरगा होता. अर्धा तास व्हिडिओ करून, सगळं खेळून दाखवून, शेवटी खांदे उडवून म्हणाला, "परवागिल्ल." म्हणजे वाईट नाही, चालतंय. आण्णांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो खरा पंच! शेवटापत्तोर खेळला आन् मगच बोलला."

एका बाईनं मात्र लिहिलं होतं, की यातले घाटरस्ते इतके सुंदर आहेत की समोरच्याला मारायचं राहूनच जातं. ते आण्णांनी माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यो आपल्या हितला तवंदीचा घाट हाय, बाई. रुपीनं जसाच्या तसा उतरवलाय. च्याचं हाटेल तेवढं न्हाय."

पण अशी मतं थोडी. बाकी सगळा "परवागिल्ल" आणि त्याच्या खालचाच माल. रुपीचा आवाज फोनवर दिवसेंदिवस बारीक होत गेला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं आण्णांना नाही, मला फोन केला.

"बाई, जगाचं सगळं वाचून झालं. आण्णांचंच राहिलंय. ते काही बोलतच नाहीत हो. आवडला नाही का त्यांना?"

"अगं, त्यांचा पहिला टप्पाच संपेना," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पुढचा गेम मी करणार का, म्हणून ऑफिसात विचारालालेत. माझा धीर होत नाही. आण्णांनी पण बाद केलं ना, तर मी हे काम सोडते बाई. माझ्यात नसंलच ते."

माझं डोकं फिरलं. फोन ठेवला आणि तरातरा शेजारी गेले. आण्णा खेळतच होते. मी तोंड सोडलं. "आण्णा, पोरगी तिकडं झुरायला लागलीय आणि तुम्ही इथं शिट्ट्या मारताय! एक शब्द बोलायला काय जातं तुमचं? म्हणा की चांगलाय म्हणून! नोकरी सोडायला निघालीय ती!"

आण्णांचा चेहरा उतरला. कंट्रोलरवरची बोटं थांबली. टीव्हीत त्यांना कुणीतरी दांडकं घातलं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"सोडती म्हणाली?"

"हो."

"बाई, म्या काय करू?" ते म्हणाले. "तोंडदेखलं चांगलं म्हणलं तर तिला कळंल. ल्हानपणापासनं माझी शिट्टी ऐकलीया तिनं. एकडाव खोटं बोललो की पुन्यांदा माझ्या खऱ्याला बी किंमत ऱ्हाणार न्हाय. मला बगू तरी द्या सगळी शर्यत."

आणि पुन्हा खेळायला लागले, घाईनं, ओठ आवळून. मला त्यांची इतकी कीव आली, आणि रागही तितकाच. मी तशीच दारात उभी राहिले. घाटातल्या एका वळणावर एक लाल गाडीवाला रस्त्याच्या कडेला पडला होता. बाकीच्यांनी एकमेकांना बडवताना पाडलेला. आण्णांनी गाडी थांबवली.

त्यांची ही रोजची सवय. शर्यतीचा रिवाजच तसा आहे. गाडीवान पडला की पंचानं तिथं थांबायचं, आणि पडलेल्यानं स्वतःच्या तोंडानं "लागलं न्हाय" म्हटल्याशिवाय पुढं हलायचं नाही. आण्णांनी हा रिवाज घरातही पाळला. रुपी सायकल शिकताना माझ्याच दारात आपटली होती. मी हळद घेऊन धावले, तर हा बाबा तिच्यासमोर नुसता उभा. ती मुसमुसत "लागलं न्हाय आण्णा, व्हा पुढं" म्हणाली, तेव्हा कुठं यांनी तिला उचलून घेतलं.

तर आण्णा लाल गाडीवाल्यापाशी थांबले आणि त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. अगदी माझ्या कानापाशी.

"अहो, टीव्हीला शिट्टी ऐकू येते का?" मी खेकसले. "बोलवायचंच असेल तर गाडीचा हॉर्न वाजवा ना! तेवढं बटण असेलच की!"

आण्णांनी बटणं चाचपली. कुठलंसं दाबलं. हॉर्न वाजला.

लाल गाडीवाला उठून बसला. त्यानं अंगावरची धूळ झटकली. आणि टीव्हीतून आवाज आला, त्या दांडग्या माणसाच्या तोंडून, आमच्या रुपीचा आवाज.

"लागलं न्हाय, आण्णा. व्हा पुढं."

आण्णांनी पुन्हा हॉर्न वाजवला. "लागलं न्हाय, आण्णा. व्हा पुढं." पुन्हा वाजवला. तेच, तसंच, जरा नाकातून, जरा लाडात. जगभरातली एवढी माणसं तो गेम खेळली, त्यावर भांडली, पण पडलेल्यापाशी थांबून हॉर्न वाजवायचं कुणाला सुचावं? शर्यतीत कोण थांबतंय? रुपीनं ते एका माणसासाठीच करून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

टीव्हीवर आण्णांचा शेवटचा नंबर आला. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, "च्या टाकतो," असं पुटपुटले आणि आत गेले. आत नळ वाहत राहिला. चहाला एवढं पाणी लागत नाही, हे मला कळतं. मीही पदरानं डोळे पुसले, लपवून काय करायचंय.

बाहेर आले ते फोन घेऊनच. स्पीकर कसा लावायचा ते मला विचारलं आणि रुपीला फोन लावला.

"रुपे, म्या बाद झालो."

"म्हणजे काय आण्णा?"

"पंच म्हणून बाद. नात्यागोत्याचं चालतंय, म्या मेव्हण्याचा बी निकाल दिलाय. पर जो शर्यतीत उतरला त्यो पंच हुईत न्हाय. तू मला त्यात नाव घिऊन उतरीवलंयस. आता माझ्याकडं निकाल मागायचा न्हाय."

पलीकडनं रुपी हळूच म्हणाली, "ऐकलासा व्हय?"

"ऐकलं की."

"मग... पंच म्हणून नको. असंच सांगा की, आण्णा."

"असंच व्हय? असंच म्हणशील तर पयला नंबर. तुझ्या म्होरं हाय कोण?"

पलीकडं रुपी हसत होती का रडत होती, कळायला मार्ग नव्हता. आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "आन् म्होरला गेम करणार न्हवं का? इचारालालेत म्हणं. व्हय म्हण त्येंस्नी. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर घेऊन बसले. शिट्टी वाजली नाही. बराच वेळ वाजली नाही. बरं वाटायला हवं होतं, पण बेरजा चुकायला लागल्या, तशी उठले आणि शेजारी डोकावले.

आण्णा खुर्चीच्या टोकावर आले होते. टोपी मागं सरकलेली, ओठ दातांत धरलेला. समोर निळा गाडीवाला. आण्णांनी गाडी त्याच्या अंगाला नेऊन भिडवली आणि अशी एक लाथ घातली, की निळा गाडीसकट कडेच्या झुडपात.

"आण्णा! तुम्ही लाथ मारलीसा?"

ते दचकले. कान लाल झाले.

"दुसरं कोण पाडंपत्तोर लई येळ जातोय, बाई," ते म्हणाले, "आन् म्या आता काय पंच ऱ्हायलो न्हाय."

मग त्यांनी सगळी शर्यत पुढं जाऊ दिली, गाडी वळवून निळ्यापाशी मागं आणली आणि हॉर्न वाजवला. कान टीव्हीकडं करून थांबले.

"लागलं न्हाय, आण्णा. व्हा पुढं."

"सावकाश जा गं, बाय," आण्णा म्हणाले.